डिजिटल सर्किट शिकायचंय: आधी सिम्युलेटर की थेट ब्रेडबोर्ड?

सिम्युलेटर म्हणजे संगणकावर सर्किट चालवून बघायचं सॉफ्टवेअर; ब्रेडबोर्ड म्हणजे सोल्डरिंग न करता खरे भाग खोचायचा छिद्रांचा बोर्ड. सिम्युलेटरची बाजू कमकुवत नाही. कुठल्याही फांदीतला करंट त्यात बसल्या जागी दिसतो. मल्टिमीटरने तोच मोजायचा तर सर्किट उघडून मीटर सिरीजमध्ये घालावा लागतो, आणि करंटच्या रेंजवरचा मीटर चुकून थेट सप्लायला लागला की त्याचा फ्यूज गेलाच. ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) नसेल तर फिल्टरचे आलेखही सिम्युलेटरवरच बघावेत.

माझं मत ठरलं ते एका साध्या बटणावरून. ४०१७ काउंटर घ्या, म्हणजे क्लॉक पिनवर आलेला प्रत्येक ठोका मोजून एकेक आउटपुट पुढे सरकणारी चिप: १६ नंबरच्या पिनला ५ व्होल्ट, ८ ग्राउंडला, १४ म्हणजे क्लॉकवर १० किलोओहमचा पुल-डाउन (पिन ग्राउंडकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर), तिथूनच ५ व्होल्टला बटण, आउटपुटना एलईडी. सिम्युलेटरमध्ये बटण एकदा दाबलं की दिवा एकच घर सरकतो. ब्रेडबोर्डवर तो कधी दोन, कधी तीन घरं उडी मारतो. बटणातली पत्री टेकताना काही मिलिसेकंद थरथरते आणि चिप प्रत्येक टेकणं वेगळं मोजते. पुल-डाउनला समांतर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की १० मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज किती सावकाश उतरतं त्याचं माप) मिळतो आणि उड्या बहुधा थांबतात.

१३ (मोजणी थांबवणारी) आणि १५ (रीसेट) या पिनांचंही तसंच. त्या ग्राउंडला जोडायच्या राहिल्या तर काही सिम्युलेटर त्यांना गुपचूप शून्य धरतात. खरी चिप तसं करत नाही. लोंबकळती पिन आसपासचा गोंगाट उचलते, नुसता हात जवळ नेला तरी मोजणी बिघडू शकते. सिम्युलेटरवर ‘झालं’ म्हणून सोडलेलं सर्किट इथे अडतं, आणि दोष शोधायचा कसा हे तोवर शिकलेलंच नसतं. मला हेच फार खटकतं.

ब्रेडबोर्डही छळतो, हे मान्य. छिद्रं ढिली होतात. लांब बोर्डांवर सप्लायची पट्टी बऱ्याचदा मधोमध तुटलेली असते, मग अर्धा बोर्ड मेलेला. मल्टिमीटरच्या बीपवर (जोडणी असेल तर वाजणाऱ्या रेंजवर) आधी तपासून घ्या. शेजारच्या ओळींमध्ये काही पिकोफॅरड नको असलेला कपॅसिटन्स असतोच, त्यामुळे काही मेगाहर्ट्झच्या पुढे त्यावर फारसा भरवसा ठेवू नये.

तरी सुरुवात करणाऱ्याला मी ब्रेडबोर्डच सुचवेन. सुटे भाग हाती येईपर्यंत सिम्युलेटर वापरायला हरकत नाही. आले की ४०१७ आधी मुद्दाम कपॅसिटरशिवाय जोडा, उड्या बघा, आणि मगच कपॅसिटर लावा.