बघून नको, ऐकून घ्या

सदाशिव पेठेतल्या माझ्या गाण्याच्या क्लाससाठी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घ्यायचे होते. कोथरूडच्या एका जुन्या दुकानात गेले, आणि तिथली ऐकण्याची खोली मला मनापासून आवडली.

दुकानदार काकांनी दोन ॲम्प्लिफायर पडद्यामागे ठेवले. एक पंचवीस हजारांचा, दुसरा लाखाच्या वरचा. स्पीकर तेच, मालकंसाचा विलंबितही तोच. आधी स्पीकरच्या तारांना मल्टिमीटर लावून दोन्हींचा आवाज तंतोतंत जुळवला. "ताई, एक जरा जरी मोठा राहिला ना, तर तोच गोड वाटणार." अगदी खरं आहे. अर्ध्या डेसिबलचा फरक 'मोठा' म्हणून कळतच नाही, 'मोकळा', 'स्वच्छ' असा वाटतो. इतकी काळजी मी दुसऱ्या कुठल्या शोरूममध्ये पाहिली नाही.

मग अ, ब आणि क्ष. अ आणि ब म्हणजे ते दोन ॲम्प्लिफायर, आणि क्ष म्हणजे न सांगता लावलेला त्यांतलाच एक. क्ष म्हणजे अ की ब, एवढंच दर वेळी सांगायचं. १६ पैकी १२ बरोबर आले तर फरक ऐकू येतो असं धरतात; नुसत्या अंदाजाने तेवढे जमण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. माझे निम्म्याच्या आसपास आले, सोबतच्या विद्यार्थिनीचेही तसेच. तंबोऱ्याचा पंचम केसभर उतरला तरी मला खटकतो. पण तिथे तारांचा नाद एकमेकांत मिसळलेला असतो, आंदोलनं तिथल्या तिथे कानावर पडतात. इथे एक थांबतो तेव्हा दुसरा सुरू होतो, आणि नादाचे इतके बारीक तपशील कानात काही सेकंदच टिकतात. २००७ साली मेयर आणि मोरन या दोन अभ्यासकांनीही अशीच चाचणी घेतली होती: हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाचं रेकॉर्डिंग एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवलं, आणि फरक ओळखायला सांगितला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे छापा-काटाच.

स्पीकरची गोष्ट वेगळी. पडद्याआडूनही पहिल्याच आलापात फरक कळला. एका जोडीवर 'आ'कार नाकातून येत होता. दुसरी जोडी काकांनी भिंतीपासून हातभर पुढे ओढली, तर डग्ग्याचं घुमणं उतरलं आणि मींड सुटी ऐकू आली. माझ्या खोलीत शाहाबादी फरशी आहे म्हटल्यावर, "मग आधी जाड सतरंजी टाका," म्हणाले. विकायला बसलेला माणूस हे सांगतो, याचं मला फार कौतुक वाटलं.

स्वस्त ॲम्प्लिफायर घेतला, वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घातले. क्लासमध्ये आता मुलींना मुरकी नीट पकडता येते.

तक्रारी आहेत. चाचणी चालू असताना एसी बंद ठेवतात, दुपारी घामाघूम व्हायला होतं. काउंटरवर हजारोंच्या केबलही मांडल्यात. त्याही पडद्याआड ऐकवा म्हटलं तर काका विषय बदलतात. तिथे त्यांनी तेवढाच चोखपणा दाखवायला हवा.

फोन करून जा, खोली एका वेळी एकालाच देतात. आणि रोजच्या ऐकण्यातलं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर न्या.