इंटेल आर्क बी५८० डेबियनवर: अकरा महिन्यांचा अनुभव आणि त्या २४ वॅटचा हिशेब

गेल्या मंगळवारी दुपारी लाइट गेली तेव्हा बाहेर ४५ अंश होतं आणि स्क्रीनवर वरणगावच्या एका लग्नाचं एडिटिंग उघडं होतं. यूपीएसची टीं टीं सुरू झाली तशी मी मोबाइलवर घड्याळ लावलं. १९ मिनिटं टिकला. गेल्या ऑगस्टमध्ये याच यूपीएसवर, याच मॉनिटरसह, हेच ग्राफिक्स कार्ड, इंटेल आर्क बी५८०, १४ मिनिटांत मान टाकायचं. बॅटरी तीच आहे. मध्ये बदलली ती फक्त बायोसमधली दोन सेटिंगं आणि कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) एक ओळ. म्हणून आज हे लिहायला बसलो.

कार्डाचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, ते सोडतो. जून २०२५ मध्ये २७ हजारांना घेतलं, ते एव्ही१ एन्कोडिंगसाठी, म्हणजे व्हिडिओ लहान करायच्या नव्या पद्धतीसाठी. लग्नाची अडीच-तीन तासांची फाइल पार्टीला पाठवायची म्हणजे भुसावळच्या नेटवर रात्र जाते, आणि एव्ही१ मध्ये तीच फाइल बरीच लहान होते. पीसी १० व्या पिढीचा आय५, त्यावर लिनक्सचं डेबियन १२.

पहिल्या दिवशी स्क्रीन आली, पण १०२४ बाय ७६८. खिडकी माऊसने ओढली की ती मागून फरफटत यायची. सिस्टीमची माहिती काढली तर ग्राफिक्सच्या जागी ‘एलएलव्हीएमपाइप’. म्हणजे कार्ड नुसतं बसलेलं आणि सगळं चित्र बिचारा प्रोसेसर काढतोय. दुकानात फोन केला. उत्तर आलं, "भाऊ, विंडोज टाकून पाहा. चाललं तर कार्ड चांगलं. नाही चाललं तर घेऊन या." मला राग आला. घेताना मी दोनदा विचारलं होतं की लिनक्सवर चालेल ना, आणि दोन्ही वेळा ‘हो’ ऐकलं होतं.

आज त्या रागातला अर्धा भाग मी मागे घेतो. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं, कर्नल ६.१ घेऊन. कार्ड डिसेंबर २०२४ चं. दोन वर्षं आधीच्या कर्नलला ते ओळखू येणार तरी कसं? या पिढीच्या कार्डांना ‘एक्सई’ नावाचा ड्रायव्हर लागतो. तो मुख्य कर्नलमध्ये ६.८ ला आला, आणि बॅटलमेज, म्हणजे बी५८० च्या पिढीची, कार्डं वेगळं काही न सांगता चालू लागली ती ६.१२ पासून. बॅकपोर्टमधून (जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेजं मिळतात तिथून) ६.१२ आणता आलं असतं, पण नुसत्या कर्नलने वरची मेसा, म्हणजे चित्र काढणारी लायब्ररी, २२.३ ची पुढे गेली नसती. कर्नलने कार्ड ओळखलं तरी मेसाने ओळखल्याशिवाय चित्र काढायचं काम त्याच्याकडे जात नाही. दोन महिने प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम केलं आणि २७ हजारांची वस्तू खोक्यात ठेवली. ते खोकं रोज डोळ्यांसमोर असायचं.

९ ऑगस्टला डेबियन १३ आलं. कर्नल ६.१२, मेसा २५.०. त्याच आठवड्यात अपग्रेड केलं, कार्ड बसवलं, आणि पुन्हा एलएलव्हीएमपाइप.

नवीन कार्ड लिनक्सवर बसवणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, अशा वेळी काहीही पुन्हा इन्स्टॉल करू नका. आधी डीमेसेज (कर्नलची नोंदवही) उघडा आणि त्यात ‘एक्सई’ शोधा. माझ्याकडे तिथे एक ओळ होती: बीएमजी जीयूसी नावाची फर्मवेअर फाइल (कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) लोड झाली नाही, एरर उणे दोन. उणे दोन म्हणजे फाइल जागेवर नाही, बस्स. कार्ड खराब नाही, ड्रायव्हर खराब नाही. एक एमबीसुद्धा नसलेली फाइल डिस्कवर नव्हती, आणि तिच्यावाचून हा ड्रायव्हर पुढे पाऊलच टाकत नाही. डेबियन १३ मध्ये इंटेल ग्राफिक्सचं फर्मवेअर जुन्या गठ्ठ्यातून काढून वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलंय. डेटा वाचावा म्हणून मी ‘शिफारस केलेली पॅकेजं नकोत’ असं कायमचं लावून ठेवलं होतं. त्या काटकसरीत ते पॅकेज आलंच नाही. ‘फर्मवेअर-इंटेल-ग्राफिक्स’ टाकलं, रीस्टार्ट केलं, आणि डेस्कटॉप लख्ख उघडला. कुठल्या वेबसाइटवरून ड्रायव्हर उतरवला नाही, कर्नल बदलला की काही पुन्हा जुळवावं लागत नाही. तेव्हापासून एकदाही लागलेलं नाही.

मध्ये एक गैरसमज झाला होता, तोही सांगतो. एलएसपीसीआय या कमांडमध्ये कार्डाची लिंक, म्हणजे बोर्डशी जोडणी, २.५ जीटी वेगाची आणि एकाच लेनची (मार्गाची) दिसते. मला वाटलं खराब पीस गळ्यात मारला, आणि दुकानात जाऊन जोरात बोललो. ते माझं चुकलं. आर्क कार्डांत ग्राफिक्स चिपच्या आधी एक ब्रिज असतो, आणि खरा वेग त्या ब्रिजच्या नोंदीत पाहायचा असतो. तिथे ८ जीटी आणि आठ लेन नीट दिसत होत्या. पुढच्या वेळी गेलो तेव्हा दुकानदाराला तसं सांगून आलो.

आता वॅट. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर माझ्याकडे आहे. कार्डाशिवाय पीसी रिकामा बसला की ३८ वॅट. कार्ड लावल्यावर ७६. काहीही न करता ३८ वॅट जास्त! दिवसाचे बारा तास हा पीसी चालू असतो, त्यातले निम्मे पार्टीचा फोन यायची वाट पाहण्यात जातात. शिवाय मे महिन्यात या खोलीत प्रत्येक वॅट म्हणजे उष्णताच. कूलर लावून बसलेल्याला ते सांगावं लागत नाही.

कारण एएसपीएम. काम नसताना पीसीआय एक्सप्रेसची लिंक झोपवायची सोय. बोर्डवर ती बहुधा बंदच येते, आणि आर्कला खरी विश्रांती तिच्याशिवाय मिळत नाही. बायोसमध्ये नेटिव्ह एएसपीएम चालू केलं, रूट पोर्टचे एल१ सबस्टेट (लिंकच्या गाढ झोपेच्या पायऱ्या) चालू केले, आणि कर्नलच्या ओळीत पीसीआयई एएसपीएमची पॉलिसी ‘पॉवरसुपरसेव्ह’ केली. मीटर ५२ वर आला. मी तीनदा बंद-चालू करून पाहिलं, तीनदा ५२. चोवीस वॅट गुणिले वाट पाहण्यातले सहा तास गुणिले तीस दिवस, म्हणजे महिन्याला सव्वाचार युनिटच्या वर. माझ्यासाठी या कार्डाचा निकाल इथे लागला. ७६ वरच राहिलं असतं तर मी ते विकून टाकलं असतं.

एन्कोडिंगबद्दल थोडक्यात. डेबियनचा मीडिया ड्रायव्हर घेताना नावात ‘नॉन-फ्री’ असलेला घ्या, साध्यात एन्कोडिंगचा बराच भाग नसतो. तो टाकल्यावर एफएफएमपेग आणि ओबीएस या व्हिडिओच्या दोन्ही प्रोग्राममध्ये एव्ही१ सुरळीत. यासाठीच कार्ड घेतलं होतं आणि त्यात ते कुठेच कमी पडलेलं नाही.

राहिलेली खंत पंख्याची. ६.१२ च्या ड्रायव्हरमध्ये पंख्याचा वेग दिसत नाही आणि आपल्या हातातही नाही, कार्ड स्वतःच ठरवतं. आमच्या उन्हात तो आकडा डोळ्यांसमोर असावा असं फार वाटतं. सध्या केसची बाजू उघडी ठेवतो आणि दर रविवारी ब्लोअर मारतो.

यावलच्या माझ्या मित्रालाही आता हेच कार्ड हवंय. त्याचा पीसी ८ व्या पिढीचा आहे. रिसाइझेबल बारशिवाय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) आर्कचा वेग फार पडतो, आणि इंटेलने आधार १० व्या पिढीपासून सांगितलाय. माझ्याही बोर्डवर त्यासाठी बायोस अपडेट करून सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करायची सोय) बंद करावं लागलं होतं. काल त्याला सांगितलं, "पैसे नंतर दे, आधी बायोस उघडून ‘अबाव्ह फोर जी’ आणि ‘रिसाइझेबल बार’ दिसतं का त्याचा फोटो पाठव भो." फोटो अजून आलेला नाही.