ड्रेनेजची कॅमेरा तपासणी, खरंच करून घ्या
आमची मुलुंडची जुनी सोसायटी, दर पावसाळ्यात चेंबर तुंबून तळमजल्यावर घाण पाणी यायचं आणि दरवेळी बांबूच्या पट्ट्या घालून तात्पुरतं मोकळं करायचे. यंदा कॅमेरावाल्यांना बोलावलं. चाकांवरचा छोटा कॅमेरा पाइपात सोडला, आम्ही सगळे स्क्रीनला डोळे लावून, आणि १४ मीटरवर दिसलं, सांध्यातून पिंपळाची मुळं आत घुसलेली, अगदी जटांसारखी! मग जेटिंग करून, म्हणजे जोरदार दाबाचं पाणी मारून, काढली. कोणालाही आत उतरवलं नाही हे सगळ्यात आवडलं, आत विषारी गॅस असतो, सेफ्टीशिवाय उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे तरी माणसं जातातच, फार वाईट वाटतं. रिपोर्ट उशिरा दिला, व्हिडिओ मात्र लगेच मिळाला. सांधा अजून बदलायचाय, नाहीतर मुळं परत येणार.