कायदा-शिबिर उत्तम, पण ज्यांच्यासाठी होते त्या मुली वर्गात नव्हत्या

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत एका स्वयंसेवी संस्थेने नववी-दहावीच्या मुलींसाठी बालविवाह आणि मुस्लिम व्यक्तिगत कायदा या विषयावर दोन दिवसांचे मोफत शिबिर घेतले. ‘अठराच्या आत लग्न नको’ एवढी घोषणा घोकून घेणारी शिबिरे पुष्कळ पाहिली असल्यामुळे मी फारशी आशा न ठेवताच मागच्या बाकावर बसले होते.

वकीलबाईंनी अडचणीचा मुद्दा टाळला नाही. परंपरागत कायद्यात ‘बुलूग’, म्हणजे वयात येणे, हा निकष आहे आणि वेगळा पुरावा नसल्यास न्यायालये ते पंधराव्या वर्षी झाले असे धरत आली आहेत, हे त्यांनी सरळ सांगितले. मग कुरआनातील सूरह निसाची सहावी आयत वाचली. अनाथांची मालमत्ता त्यांच्या हाती देण्यापूर्वी त्यांच्यात ‘रुश्द’, म्हणजे समज, आली आहे का हे पारखावे, असे तीत सांगितले आहे. ‘मालमत्तेला समज लागते, मग संसाराला नको का?’ हा प्रश्न नववीतल्या एका मुलीने विचारला.

हनफी या सुन्नी विधिपंथाच्या मतानुसार बाप किंवा आजोबांनी लावून दिलेला निकाह मुलीला वयात आल्यावरही सहसा नाकारता येत नसे. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने ती वाट खुली केली : निकाह पंधराच्या आत झालेला असावा, शरीरसंबंध आलेला नसावा आणि मुलीने अठरा पूर्ण होण्याआधी तो नाकारलेला असावा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत विवाह रद्द करण्याचा अर्ज करता येतो. बाईंनी फळ्यावर एक रेघ ओढून तिच्यावर १५, १८ आणि २० हे आकडे मांडले, तेव्हा हा गुंता मलाही प्रथमच नीट उलगडला. हा दुसरा कायदा व्यक्तिगत कायद्याहून वरचढ आहे का, याबाबत उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत, हेही त्यांनी लपवले नाही.

शिबिराची पुस्तिका मात्र निराशाजनक आहे. ‘शून्यकरणीय’ (म्हणजे रद्द करून घेता येण्याजोगा) या शब्दाशेजारी मुलींना पेन्सिलीने उर्दू अर्थ लिहून घ्यावा लागला. शिवाय दुसरे सत्र शुक्रवारी दुपारी, जुम्याच्या नमाजाच्या वेळी ठेवल्यामुळे आमंत्रण देऊनही इमामसाहेब येऊ शकले नाहीत.

मोठी उणीव वेगळीच आहे. आमची शाळा दहावीपर्यंतच असून अकरावीसाठी एसटीने तालुक्याला जावे लागते, आणि घरात निकाहाची बोलणी सुरू होतात ती नेमकी तेव्हा. पुढचे शिबिर संस्थेने मोहल्ल्यातील शिवणवर्गात घ्यावे. दहावीनंतर घरी बसलेल्या आमच्या मुली दुपारी तिथेच असतात.