बिनलेबलाची पुडी आणि माझे हृदय

मला गेली अकरा वर्षे रूमॅटॉइड संधिवात आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटून दाह निर्माण करते. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी घेऊन तो बराचसा आटोक्यात होता. तरीही सकाळी बोटे आखडत, आणि त्या आखडण्याला कंटाळूनच मी एका शिबिरात गेले. तिथल्या गृहस्थांनी माझा कोलेस्टेरॉलचा अहवाल पाहिला, तो चांगला असल्याचे सांगितले आणि विचारले, "ताई, हृदय ठणठणीत आहे, मग हे विष कशाला घेता?" त्यांची करड्या रंगाची पुडी सांधे मोकळे करील आणि रक्तवाहिन्याही साफ करील, असा त्यांचा दावा होता. महिन्याला साडेतीन हजार रुपये. पावती नाही, पुडीवर नाव किंवा परवाना क्रमांक नाही.

तिसऱ्याच दिवशी मूठ घट्ट मिटू लागली. मी गोळी बंद केली.

चार महिन्यांत भूक वाढली आणि चेहरा गोल झाला. शेजारच्या काकूंनी तर तब्येत सुधारल्याबद्दल माझे कौतुकही केले. मग पावलांना सूज आली, जिना चढताना धाप लागू लागली, रक्तदाब 170/100 निघाला आणि साखरही वाढली. संधिवाततज्ज्ञांनी सकाळी आठ वाजता कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टेरॉइड, तपासायला सांगितले; ते अगदी कमी होते. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते, त्यामुळे पुडीत काय असावे, हे त्यांच्या लगेच लक्षात आले. पुडी एकदम बंद करणे जिवावर बेतले असते, म्हणून त्यांनी मोजून स्टेरॉइडच देत ते हळूहळू उतरवले. टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचा उपसा (दर ठोक्याला ते बाहेर ढकलते त्या रक्ताचे प्रमाण) 60 टक्के, म्हणजे उत्तम होता. परंतु हृदय सैल होऊन रक्ताने भरण्याची क्रिया मंदावली होती.

त्या 'चांगल्या' अहवालाचा अर्थही मला तेव्हाच कळला. अंगात दाह पेटलेला असताना कोलेस्टेरॉल कमी दिसू शकते आणि तरीही धमन्यांच्या भिंतींना तोच दाह पोखरत असतो. म्हणूनच युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे, की नेहमीच्या तक्त्याने काढलेला हृदयविकाराचा धोका या रोग्यांसाठी 1.5 ने गुणावा. जी गोळी विष म्हणून माझ्याकडून सोडवली गेली, तीच दाह शमवून हृदयालाही आधार देत होती, आणि पुडी मात्र रक्तदाब व साखर वाढवून उलट्याच दिशेने काम करत होती. मला सर्वांत जास्त चीड याचीच आली.

संधिवात किंवा हृदयरोग बरा करण्याची जाहिरात करणे 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मुळातच निषिद्ध आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्या गृहस्थांचा फोन आता लागत नाही. उरलेल्या सात पुड्या मी फेकलेल्या नाहीत. अन्न व औषध प्रशासनाकडील तक्रारीसोबत द्यायच्या म्हणून त्या एका डब्यात बंद करून ठेवल्या आहेत.