माझ्या ४२ विहिरी आणि झेनोडो

"मॅडम, तुमच्या प्रबंधातलं चौदावं कोष्टक वाचताच येत नाही हो. तीन आणि आठ सारखेच दिसतात. मूळ आकडे मिळतील का?"

सोलापूरला पीएचडी करणाऱ्या एका मुलीची ही मेल. माझा प्रबंध १९९९ चा. शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, तो आहे, पण स्कॅन केलेला, आणि मी दिलेली प्रतच मुळात झेरॉक्सची झेरॉक्स होती. आकडे हवे होते ते सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या ४२ विहिरींच्या पाणीपातळीचे. जून १९९४ ते मे २००४, दर महिन्याला, टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधून मी स्वतः मोजलेले. प्रबंध झाल्यावरही मी मोजत राहिले होते. सरकारी निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजल्या जातात. माझ्याकडे बारा महिन्यांचे बारा आकडे होते, तेही दहा वर्षांचे, आणि ते असल्याचं मी सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं.

होते कुठे म्हणाल, तर ११ वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत. एक सीडी, जिचा चंदेरी थर पापडासारखा सुटून आला. ज्या संगणकावर मूळ फाइल होती तो मी निवृत्त व्हायच्या आधीच भंगारात गेला होता. सुदैवाने एका जुन्या पेन ड्राइव्हवर बरंचसं सापडलं, पण फाइल उघडली तर गावांच्या नावांच्या जागी नुसती टिंबं, कंस आणि डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठवलेलं मराठी नव्हतंच. फॉन्ट गेला आणि गावंही गेली.

तर हा अनुभव झेनोडो या सेवेबद्दल आहे. गेलं वर्षभर मी ती वापरतेय. आधीच सांगते, मी संगणकवाली नाही, भूगोलवाली आहे.

झेनोडो ही संशोधनाचा डेटा ठेवायची फुकट जागा. युरोपियन आयोगाच्या पाठबळावरच्या ओपनएअर प्रकल्पातून २०१३ साली निघाली आणि चालवते जिनिव्हाजवळची सर्न. कण-भौतिकीवाली सर्न, आणि वेबचा जन्म झाला तीच. त्यांच्या महायंत्रातून निघणाऱ्या डेटाच्या ढिगापुढे माझ्या विहिरी म्हणजे किस झाड की पत्ती. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत आणि १०० फायलींपर्यंत ठेवता येतं. माझं कोष्टक ३०० केबीचं. जिनिव्हाला कुणाला कळलंही नसेल.

दुसऱ्या जागाही आहेत. फिगशेअर आहे, हार्वर्डचं डेटाव्हर्स आहे. ड्रायड चांगलं, तिथली माणसं तुमचा डेटा तपासूनही बघतात, पण तिथे पैसे पडतात आणि पेन्शनरला ते परत कोण देणार? झेनोडो कोणत्याही देशातल्या, कोणत्याही विषयाच्या माणसाला घेतं. विद्यापीठाचं पत्र लागत नाही, विभागप्रमुखांची सही लागत नाही. नोकरीतली तीस वर्षं सह्यांमागे फिरण्यात गेलेल्या बाईला हे किती गोड वाटलं असेल बघा.

खातं उघडायला पाच मिनिटं. सरावासाठी त्यांचं एक वेगळं सँडबॉक्स आहे, हुबेहूब तसंच, पण तिथलं काही खरं धरत नाहीत. मी तिथे आठवडाभर धडपडले. हे प्रत्येकाने करावं, कारण खऱ्या जागी एकदा प्रकाशित केलं की वर्णन केव्हाही सुधारता येतं, पण फाइल बदलायची तर सहसा नवी आवृत्ती काढावी लागते. प्रकाशित केल्याक्षणी डीओआय मिळतो. घर बदललं तरी तोच राहणाऱ्या मोबाइल नंबरसारखा हा नंबर. संकेतस्थळाचा पत्ता उद्या बदलला तरी डीओआयवरून माणूस योग्य ठिकाणी पोचतो. हे महत्त्वाचं का, ते मला विचारा. एका संस्थेच्या संकेतस्थळावर माझ्या आकड्यांचं एक पान होतं. संकेतस्थळ नवं झालं आणि पान गेलं. कुणी मुद्दाम काढलं नव्हतं. नव्या घरात जाताना जुनी बरणी राहून जाते, तसं झालं.

इथवर सगळं सोपं. आता खरं काम.

फॉर्ममध्ये पहिला रकाना शीर्षकाचा. मी झोकात लिहिलं, 'माण विहिरी डेटा अंतिम'. मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, "आई, हे तुझ्याशिवाय कोण शोधणार?" त्यातून माणचं सरकारी इंग्रजी स्पेलिंग एम, ए, एन. म्हणजे मॅन! जगातल्या यच्चयावत पुरुषांमधून माझा दुष्काळी तालुका कोण हुडकून काढणार? मग शीर्षकात सातारा आलं, महाराष्ट्र आलं, साल आलं, मासिक पाणीपातळी आली, आणि माणचं डबल ए-वालं स्पेलिंगही आलं. दहिवडीचं तेच. कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू. दोन्ही दिली, आणि कोष्टकात प्रत्येक गावापुढे २०११ च्या जनगणनेतला गावकोड टाकला. नावं तीन तऱ्हेने लिहिली जातात, कोड एकच असतो.

मग कळीचे शब्द. मी 'विहिरी' लिहिलं होतं. शोधणारा 'विहीर' लिहिणार. आपल्याला दोन्ही एकच वाटतात, यंत्राला ऱ्हस्व-दीर्घाचं नातं कोण सांगणार? दोन्ही दिले. शिवाय भूजल, पाणीपातळी, आड. इंग्रजीतून ग्राउंडवॉटर, डग वेल, डेक्कन ट्रॅप, ड्रॉट. भाषेच्या रकान्यात मराठी निवडता येतं, ते निवडलं. फॉर्म मात्र सगळा इंग्रजीत आहे आणि जिथे अडेल तिथे विचारायला फोन नाही, मेल लिहायची. आमच्या पिढीतले पुष्कळ जण इथेच मागे फिरतील.

झेनोडो हे नाव अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल झेनोडोटस याच्यावरून घेतलंय. इसवी सनाच्या आधी तिसऱ्या शतकातला माणूस. ग्रंथाच्या गुंडाळीला लेखक-विषय लिहिलेली चिठ्ठी लावायची पद्धत त्याने सुरू केली असं म्हणतात. मी हे वाचलं तेव्हा वह्यांची ट्रंक समोर उघडी होती, आणि ११ पैकी एकाही वहीवर चिठ्ठी नव्हती. एकीवर 'सौ. कडून दूध ५ लि.' एवढंच.

वर्णन लिहिताना जे घाम काढणारे प्रश्न आले ते झेनोडोने विचारलेच नव्हते, पण मोकळा रकाना बघून मलाच पडत गेले. मोजलं कुठून? कठड्याच्या कडेपासून की जमिनीपासून? मी कडेपासून मोजायचे. पण ९ विहिरींना १९९७ नंतर कठडे बांधले गेले. म्हणजे त्या दिवसापासून पाणी कागदावर दोन फूट खाली गेलं आणि विहिरीत होतं तिथेच राहिलं. माझ्या प्रबंधात याचा शब्द नाही. पंचवीस वर्षांनी मला माझ्याच प्रबंधात घट सापडली जी खरी घट नव्हती. दोन रात्री झोप नाही. नशीब, ९ पैकी ७ विहिरींना कठडा कधी झाला ते वहीत होतं. तेवढ्या दुरुस्त केल्या, उरलेल्या दोनपुढे तसं स्पष्ट लिहिलं.

विहिरींची खोली तर आणखी मजेची. ती मी मालकांना विचारून लिहिली होती, आणि मालक सांगणार परसात. "बाई, साडेपाच परस हाय." परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. कोणता माणूस? म्हसवडकडचे एक तात्या सहा फुटी, त्यांचा परस त्यांच्या चुलतभावाच्या परसापेक्षा वीतभर लांब. मी सरसकट एकाच मापाने गुणून मीटर करून टाकले होते. आता कोष्टकात दोन रकाने आहेत, मालकाने सांगितलेले परस आणि मी काढलेले मीटर. ज्याला शंका येईल त्याने आपला गुणाकार करावा.

तारखांचंही सांगून टाकते. ३/४/९६ म्हणजे ३ एप्रिल, हे मला माहीत. एक्सेलने त्यातल्या निम्म्या तारखा मार्चमध्ये नेऊन बसवल्या. आता सगळीकडे आधी साल, मग महिना, मग दिवस. फाइलही एक्सेलची नाही, साधी सीएसव्ही, कारण पन्नास वर्षांनी कुठलं सॉफ्टवेअर असेल सांगता येत नाही, पण स्वल्पविरामाने तोडलेले आकडे कुणीही वाचेल. सोबत एक रीडमी फाइल, म्हणजे कोष्टक कसं वाचायचं ते सांगणारी, मराठीत आणि इंग्रजीत. तिला कोष्टकापेक्षा दुप्पट वेळ लागला.

एक पेच राहिला होता. वह्यांमध्ये मालकांची नावं आहेत, कुणाची भाऊबंदकी आहे, कुणाचा पाण्यावरून कज्जा. ते जगाला कशाला? पण स्कॅन तर जपायला हवेत. झेनोडोत नोंद सर्वांना दिसते पण फायली विनंती केल्यावरच मिळतात, अशी सोय आहे. म्हणून दोन नोंदी केल्या. आकडे खुले, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली, म्हणजे वापरा पण नाव सांगा. वह्या बंद. आणि दोन्ही नोंदी एकमेकींना जोडल्या, एकीवर आलेल्याला दुसरीचा पत्ता कळेल अशा.

आणखी एक गोष्ट, गैरसमज टाळण्यासाठी. इथे डेटा कुणी तपासत नाही. मी विहिरींच्या जागी साबुदाण्याचे भाव टाकले असते तरी डीओआय मिळाला असता. डीओआय मिळाला म्हणजे काम पास झालं असं समजणारे प्राध्यापक मला भेटलेत. बायोडेटात 'आंतरराष्ट्रीय प्रकाशन' म्हणून लावतील, बघाच. पाचपैकी मी चार देते. एक गुण त्या इंग्रजी फॉर्मसाठी कापला.

सापडतं का, हा मुख्य मुद्दा. प्रकाशित केल्यावर काही दिवसांनी गुगलच्या डेटासेट सर्चमध्ये मी साताऱ्याचं भूजल शोधलं आणि माझी नोंद आली. झेनोडो शीर्षक-वर्णनाच्या या चिठ्ठ्या यंत्राला वाचता येतील अशा साच्यात ठेवतं, म्हणून बाकीचे शोधक त्या उचलतात. नोंदीवर किती जणांनी पाहिलं, किती जणांनी उतरवून घेतलं तेही दिसतं. उतरवून घेणारे आज ३८ आहेत. त्यातली बरीच मीच असेन.

पण सोलापूरची मुलगी नक्की त्यात आहे. ऑगस्टमध्ये तिची पुन्हा मेल आली. "मॅडम, १७ नंबरची विहीर ११ मीटर खोल आहे ना? मग मे २००१ ला पाणी १३.४ मीटरवर कसं?" मी आधी टायपिंगची चूक समजले. ट्रंक पुन्हा खाली काढली, सातवी वही. आकडा बरोबर होता, १३.४. पानाच्या कडेला, आडवं, पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'एप्रिलात सुरुंग लावून दीड परस खाली नेली. मालकाने बैल विकले.'

कोष्टकात त्याला जागाच ठेवली नव्हती. सप्टेंबरात दुसरी आवृत्ती काढली. तिला वेगळा डीओआय मिळाला, पहिली आवृत्तीही जागेवर आहे, आणि दोन्हींचा मिळून एक सामाईक नंबर आहे. नव्या आवृत्तीत एक रकाना वाढला आहे, 'शेरा'. सध्या त्यात ६३ नोंदी आहेत आणि माझ्या चार वह्या वाचायच्या राहिल्यात. बैलांचं लिहायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.