गॅसची फायरप्लेस पेटत नाही: कायम पायलट की इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन?

अमेरिका-कॅनडातील घरांत गॅसची फायरप्लेस दोन पद्धतींनी पेटते, आणि बिघाड शोधण्याची वाटही त्याप्रमाणे बदलते. जुन्या पद्धतीत पायलटची, म्हणजे मुख्य बर्नर पेटवणारी, लहान ज्योत सतत तेवत असते. नॉब दाबून धरल्यावर ती पेटते, पण सोडताच विझते, तेव्हा संशय प्रथम थर्मोकपलवर (ज्योतीत टोक असलेल्या धातूच्या संवेदकावर) घ्यावा, कारण ज्योतीच्या उष्णतेतून त्यात निर्माण होणारी २५-३० मिलिव्होल्टची क्षीण वीजच सुरक्षा-झडप उघडी ठेवते. ज्योत पिवळट, आखूड होऊन थर्मोकपलच्या टोकाला भिडतच नसेल, तर गॅस बंद करून पायलटचे बारीक छिद्र साफ करावे. उन्हाळाभर बंद राहिलेल्या छिद्रात कोळ्याचे जाळेसुद्धा निघते.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत पायलटची ज्योत विजेच्या ठिणगीने गरजेपुरतीच पेटते, त्यामुळे गॅस वाचतो. ठिणग्यांची टिकटिक ऐकूच येत नसेल, तर आधी सेल आणि वीजपुरवठा पाहावा. पायलट पेटूनही ठिणग्या थांबत नसतील आणि मुख्य बर्नर लागत नसेल, तर ज्योत ओळखणारी सळई बारीक स्टीलवूलने हलकेच पुसावी. सर्किट बोर्डच गेला, तर मात्र तंत्रज्ञाला बोलावणे आले. हिमवादळात वीज जाणाऱ्या भागात मला जुनी पद्धतच भरवशाची वाटते. नवी घ्यायचीच असेल, तर सेलवर चालण्याची सोय असलेली घ्यावी. गॅसचा वास येत असेल, तर यांपैकी काहीही न करता घराबाहेर पडून गॅस कंपनीला कळवावे.